मैदानाची डावी बाजू

"तुमचे डोळे उत्तम आहेत, सर," डॉक्टर म्हणाल्या. "बिघाड मेंदूत आहे."

एमआरआयच्या फिल्मवर त्यांनी एका फिकट डागावर पेन टेकवलं. ऑक्सिपिटल लोब, म्हणजे डोळ्यांनी आणलेलं चित्र समजून घेणारा, डोक्याच्या मागच्या बाजूचा मेंदू. तिथल्या उजवीकडच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती आणि माझ्या दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं जग दिसेनासं झालं होतं. याला होमोनिमस हेमिअनोपिया म्हणतात. हे नाव तोंडात बसायला बरेच दिवस लागले. अर्थ मात्र तिथंच कळला, कारण डॉक्टरांच्या नाकाकडे बघितलं की मला त्यांचा एकच कान दिसत होता.

अर्धं दिसत नाही म्हणजे तिकडे अंधार असेल, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आपल्या पाठीमागे आपल्याला अंधार दिसतो का? काहीच दिसत नाही, आणि त्याची आठवणही येत नाही. माझी डावी बाजू तशी झाली होती.

मी नगरचा. भिंगारच्या मैदानावर फुटबॉल शिकलो, मुंबईत एका कंपनीच्या संघातून काही वर्षं मिडफिल्डर म्हणून खेळलो, गुडघा गेल्यावर परत आलो आणि तेव्हापासून इथल्या पोरांचा कोच आहे. मिडफिल्डर मधोमध उभा असतो. चेंडू पायाशी यायच्या आधी त्यानं दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घ्यायचं असतं, म्हणून आमची मान कधी स्थिर नसते. डॉक्टरांना मला एकच विचारायचं होतं, की अर्धं मैदान दिसणारा माणूस कोच राहू शकतो का? त्या दिवशी माझी छाती झाली नाही.

आता मागं वळून पाहिलं की सगळं आधीच दिसत होतं असं वाटतं. सरावाला मी संतोषवर खेकसत होतो. संतोष दिवसा टेम्पो चालवतो आणि संध्याकाळी आमच्या डाव्या बगलेवर पळतो. "जागा सोडून कुठं हिंडतोस?" असं मी ओरडायचो, आणि तो जवळ येऊन म्हणायचा, "सर, मी हितंच हुतो की." मला तो उद्धटपणा वाटे. घरी ताटातलं भात-वरण संपायचं आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहायची. माझी बायको शीला म्हणाली, वयानं तिखट सोसत नसेल. आम्ही दोघं शहाणे चष्म्याच्या दुकानात गेलो आणि नंबर बदलून आलो. तुमच्या बाबतीत असं झालं तर कृपा करून चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आमचे जे दिवस वाया गेले ते गेलेच.

मग इस्पितळात भरती झाल्यावर पेरिमेट्री झाली, म्हणजे नजर कुठवर पोचते याचं मोजमाप. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं. मी झकास खेळलो. डावीकडचेही कितीतरी दिवे पकडले आणि मनात म्हटलं, आपलं काही गेलेलं नाही. बाहेर आलो तर तपासणाऱ्या बाई वैतागलेल्या. "काका, सारखे डोळे फिरवताय. ही तपासणी फुकट गेली." जन्मभर जे शिकलो त्यानंच मी नापास झालो होतो. पुन्हा बसलो, मुकाट्यानं मधे बघितलं, आणि कागदावर डावी बाजू काळीकुट्ट उमटली. वॉर्डात येऊन शीलासमोर रडलो.

त्याच सुमाराला रिकाम्या बाजूला चित्रं दिसायला लागली. पलंगाच्या डावीकडे भिंत असायला हवी, तिथं हिरवं ओलं गवत पसरायचं. आमच्या नगरच्या टणक मैदानावर असलं गवत कधी उगवलं नाही. त्यावर चेहरे नसलेली माणसं अलगद धावायची, चेंडू पायांतून पायांत जायचा आणि आवाज अजिबात नसायचा. कधी मागं भंडारदऱ्याचं पाणी असायचं, धुकं असायचं, आणि सलाईनच्या थेंबाबरोबर तो खेळ संथ पुढं सरकायचा. मला भीती वाटली नाही. मी तासन् तास बघत राहायचो.

शेवटी डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "व्हिज्युअल हॅलुसिनेशन, म्हणजे नसलेलं दिसणं. वेड नाही हे. दिसणं बंद झालं की मेंदू आपली चित्रं लावतो. हळूहळू थांबेल." थांबेल म्हटल्यावर मला चुटपुट लागली, आणि त्याच तंद्रीत तो प्रश्नही विचारून टाकला.

"गेलेलं बहुतेक परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तिकडे मान वळवायची सवय लावा. स्कूटर बंद. कोचिंगचं तुम्ही ठरवा."

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि मान वळवायचा व्यायाम घेऊन घरी आलो. गवतावरची माणसं विरळ होत गेली आणि एका दुपारी आलीच नाहीत. शीलानं विचारलं, "गेली का तुमची पाहुणेमंडळी?" मी हो म्हणालो. घर फार रिकामं वाटलं.

मैदानावर गेलो तो शिटी दुसऱ्या कुणाकडे सोपवायचीच, असं ठरवून. पोरांना खरं ते सांगितलं आणि संतोषची माफी मागितली. तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला, मग म्हणाला, "तुमाला दिसंना तर आमी सांगू की. त्यात काय लई."

आणि ते सांगायला लागले. आमची पोरं मुक्यानं खेळणारी; बोला रे एकमेकांशी म्हणून मी वर्षानुवर्षं घसा फोडला होता. आता डावीकडून अखंड समालोचन सुरू झालं. "सर, मी लायनीवर हाय." "सर, बॉल माझ्याकडं." मी शिटी ठेवून घेतली.

परवा श्रीरामपूरच्या संघाशी सामना होता. मी कडेला उभा होतो. डावीकडून संतोषची हाक आली, "मागं मानूस!" मी सवयीनं मान वळवली. आमच्या मिडफिल्डरनं मागं न बघता चेंडू हलकेच बाजूला घेतला, आणि त्याच्यावर झेपावलेला गडी रिकाम्या जागेत गेला. ती हाक मला नव्हतीच. मग लक्षात आलं, बराच वेळ कुणी 'सर' म्हणालंच नव्हतं. ते आपसात बोलत होते, साऱ्या मैदानभर.

क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिलो. हाका डावीकडून येत होत्या, उजवीकडून येत होत्या, आणि किती दिवसांनी मैदान मला पुरतं कळत होतं.