चिखल वाचणाऱ्या जनीमावशी

डोंबिवलीत येऊन बारा वर्षं झाली, पण खाडीत कधी उतरले नव्हते. माझं काम घरूनच, ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं देण्याचं. एका वेळी तीन-तीन चॅट चालू. हल्ली साधी दोन पानंही सलग वाचता येईनात. तिसऱ्या ओळीला हात फोनकडे. हे सरिताला, माझ्या कंपनीतल्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, एक सुकती माझ्या मावशीबरोबर काढ. चिंबोऱ्या पकडते ती." सुकती म्हणजे ओहोटी, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. शनिवारी सकाळी दोघी निघालो.

कोपर स्टेशनबाहेरून रिक्षा केली. खाडीकाठच्या टपरीवर चहा-बनपाव खाऊन घ्या, पुढे काहीच मिळत नाही. चपला काठावरच सोडा. आणि माहीतगार माणूस सोबत असल्याशिवाय उतरू नका; का, ते सांगतेच.

जनीमावशी साठीच्या. काष्टा घातलेला, हातात लोखंडी आकडा. फोन त्यांच्याकडेही आहे, मालिका बघतात, नातवाला व्हिडिओ कॉल करतात. पण उतरण्याआधी त्यांनी तो सरिताकडे दिला. ती बांधावरच थांबली.

"इकरं ये गो. ह्या बिलाची माती बग, ओली हाय. म्हंजे चिंबोरी घरात. तिकरचं सुकलंय, ती गेली सोरून."

मला सगळी बिळं सारखीच दिसत होती. मावशी मात्र एकेका बिळापाशी वाकून थांबायच्या, आकडा आत सरकवायच्या, हाताला काय लागतंय ते डोळे मिटून बघायच्या. दोन तास त्यांचं लक्ष तसूभर हललं नाही. टोपलीत अकरा चिंबोऱ्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या. मी इतकी भारावले की फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागले. मावशी फ्रेममध्ये मावेनात म्हणून दोन पावलं मागे गेले आणि मांडीपर्यंत रुतले.

ओरडायचीसुद्धा लाज वाटली. पाय ओढला की आणखी खाली. खालच्या ओहळात पाणी उलटं फिरू लागलं होतं, भरती सुरू झाली होती. तेवढ्यात माझ्याकडे पाठ असलेल्या मावशी वळल्या.

"पाय ओरू नको! मागं रेल, पाठ टेक. आता एक पाय हलू हलू हलव."

त्यांनी हात दिला. दहा मिनिटांनी मी मोकळी झाले, नखशिखांत चिखल.

"मावशी, तुम्हाला कळलं कसं?"

"तुजं पाय वाजायचं थांबलं ना," त्या म्हणाल्या. बिळात हात घालूनही त्या माझी पावलं ऐकत होत्या. मी कॅमेऱ्यातून त्यांच्याकडेच बघत होते, आणि माझ्या स्वतःच्या पायांखालचं मला कळलं नव्हतं.

येताना मावशींनी चार चिंबोऱ्या दिल्या. दुपारी कालवण केलं. जेवताना नववीतली माझी मुलगी म्हणाली, "आई, मला सायन्स नाही घ्यायचं."

"हे कधी ठरवलंस?"

"दिवाळीत सांगितलेलं तुला. तू 'हं' म्हणालेलीस."

मला काहीच आठवेना. फोन तेव्हा नक्कीच हातात असणार. एका सकाळीत माणूस बदलत नाही; हे लिहितानाही दोनदा उठून मेसेज बघून आलेय. पण त्या दुपारी मी तिला म्हटलं, "परत सांग. पहिल्यापासून."

ती बोलत राहिली. दोघींच्या ताटातला भात गार झाला.