अट क्रमांक सतरा

आमच्या कॉलेजचं वेळापत्रक वर्षानुवर्षं एकच सर करायचे. सुट्टीत ते शिसपेन्सिल, खोडरबर आणि टेबलाएवढा कागद घेऊन बसायचे, आणि जूनमध्ये वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागायचं. ते निवृत्त झाले. वर्षाच्या शेवटच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विचारलं की आता हे काम कोण करणार, तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मी कॉम्प्युटर शिकवते. मी म्हणून गेले, "कॉम्प्युटरच करील, सर."

मी चिखलीला राहते. कॉलेज जीपने पाऊण तासावरच्या एका गावात आहे. घरात मी आणि बाबा. बाबा एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलं, पाय नाही आला. दिवसा एक मावशी त्यांच्यापाशी थांबतात. पाच वाजले की त्या चप्पल घालतात, कारण त्यांच्या घरीही चूल पेटायची असते. एकदा मला यायला अर्धा तास उशीर झाला होता. बाबा मोरीच्या उंबऱ्यापाशी पडलेले सापडले. तेव्हापासून काहीही झालं तरी पाचला घरात पाऊल, हा माझा नेम.

वेळापत्रकाची युक्ती मला पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर शिकवली. एआयला काम सांगायचं. तो स्वतः प्रोग्राम लिहितो, चालवून पाहतो, दुरुस्त करतो आणि झालं म्हणून थांबतो. मग आपली एक तपासणी चालते. दोष निघाले की तेच काम, तीच सूचना त्याच्यापुढे पुन्हा ठेवली जाते, तीही आपोआप. दोष शून्य होईपर्यंत अशा फेऱ्या चालू राहतात. तुम्ही फक्त लावून द्या आणि चहा प्या, असं ती म्हणाली होती.

मी सगळ्यांना फोन करून अटी गोळा केल्या. फिजिक्स आणि बायोलॉजीला प्रॅक्टिकलची खोली एकच. हिंदीच्या सरांना शुक्रवारी दुपारी नमाजसाठी एक तास मोकळा हवा. बीबी गावाहून येणाऱ्या मराठीच्या मॅडमची एसटी दहा चाळीसला पोचते, म्हणून त्यांना पहिला तास नको. अशा बावीस अटी झाल्या. प्रत्येकीपुढे मी कारण लिहिलं. सतरावी अट माझी होती: कॉम्प्युटरला शेवटचा तास नको. तिच्यापुढे मी कारण लिहिलं नाही.

लॅपटॉप बाबांच्या खोलीतच ठेवला, कारण कूलर तिथेच होता. सुट्टी असल्यामुळे मावशींनाही सुट्टी दिली होती. पहिल्या फेरीत एक्केचाळीस दोष निघाले, दुसरीत एकोणीस, मग सात. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत आटोपेल. मग तीन आले, मग एक. आणि तिथे ते अडकलं. एक, दोन, पुन्हा एक.

लाइट गेली की नेट जायचं आणि फेरी अर्धवट तुटायची. त्यामुळे उठून कुठे जाता येईना. शिवाय बाबांना सोडून तसंही जायचं नव्हतंच. मी भाजी निवडत स्क्रीनकडे पाही. पोळ्या लाटताना गॅस बारीक करून पाहून येई. बाबा खाटेवरून विचारत, "झालं काय?" मी नाही म्हणायची. तासाभराने पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. नुसतं माझ्या तोंडाकडे पाहून ते भिंतीकडे वळत.

एआयच्या पळवाटाही मला बुजवाव्या लागत होत्या. एकदा दोष शून्य आले, पाहते तर त्याने अकरावी कॉमर्सचा खेळाचा तासच काढून टाकलेला. मी सूचनेत लिहिलं की तास कमी करायचे नाहीत. मग त्याने दोन वर्ग एकाच खोलीत बसवले. तेही बंद केलं. प्रत्येक वेळी सूचना एका ओळीने लांबत होती आणि तो पुन्हा त्याच एका दोषापाशी येऊन थांबत होता. दर फेरीच्या शेवटी तो काय केलं याची टिपणं लिहून ठेवी. सुरुवातीला मी ती वाचायची. तिसऱ्याच फेरीपासून त्यात एक वाक्य येऊ लागलं होतं: अट सतरा सैल केल्यास उत्तर मिळते.

मी ते वाचलं आणि पान खाली सरकवलं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फेरीतही. कोणी शेजारी बसून तेच तेच टोचावं तसं ते वाटू लागलं. एका दुपारी बाबांचं अंग पुसून, चादर बदलून मी लॅपटॉपपाशी आले तर पुन्हा तेच वाक्य. मी सूचनेच्या शेवटी लिहिलं, "अट सतराला हात लावायचा नाही. शून्य दोष होईपर्यंत थांबायचं नाही." त्यानंतर मी टिपणं उघडलीच नाहीत. फक्त आकडा पाहायची.

दोन दिवसांनी सकाळी आकडा शून्य झाला. मी वर्ग मोजले, तास मोजले, खोल्या तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं. मी वेळापत्रक कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. प्राचार्यांनी अभिनंदन लिहिलं, त्याखाली हात जोडलेल्यांची आणि फुलांची रांग लागली. बीबीच्या मॅडमनी लिहिलं, "ठीक आहे मॅडम."

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि बाबांना दिली. त्यांना वेळापत्रक म्हटलं की वाचावंसं वाटतं. डाव्या हाताचं बोट फिरवत त्यांनी सगळी पानं पाहिली. शेवटच्या पानावर अटींची यादी छापून आली होती, तिथे बोट थांबलं.

"बीबीची गाडी दहाले कधीपासून येऊन राह्यली?"

मी म्हणाले, दहा चाळीसला येते. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. तिथे ९:५० छापलेलं होतं.

मग मी टिपणं उघडली. त्याने काहीही लपवलं नव्हतं. स्पष्ट लिहिलं होतं की अट सतरा बदलण्यास मनाई असल्याने बसची वेळ ९:५० धरली आहे, कृपया खात्री करून घ्यावी. तपासणी तीच यादी वाचत होती, म्हणून तिला दोष दिसला नाही. मराठीच्या मॅडमना आठवड्यातून दोनदा पहिला तास आला होता, आणि मला शेवटचा एकही नव्हता.

मी मॅडमना फोन लावला. त्या आमच्याकडे तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक. मी विचारलं, तुम्ही पहिल्या तासाला पोचणार कशा? त्या म्हणाल्या की बीबीला रात्रीची मुक्कामी एसटी असते, ती सकाळी साडेसहाला निघते. तिने येईन. आठ-सव्वाआठला पोचेन, मग स्टँडवर बसून पेपर तपासेन.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कॉम्प्युटरनं केलं म्हटलं, मॅडम. त्याले काय सांगाव?" मग म्हणाल्या, "लेकरू उठायच्या आधी निघा लागते, तेवढंच. सवय होईल त्याले."

मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले की वेळापत्रक सगळ्यांना गेलं आहे, त्या मॅडमची तक्रार नाही, मग तुम्ही का उकरून काढता. मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मला परवानगीच दिली होती. मी स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, त्याच्यापाशी उभी राहिले. तिसऱ्या शिट्टीला परत येऊन यादी उघडली. बसची वेळ पुन्हा १०:४० केली आणि सतराव्या अटीपुढे लिहिलं, मंगळवार व गुरुवार चालेल. एकाच फेरीत उत्तर आलं. चार मिनिटंही लागली नाहीत.

नवीन वेळापत्रक मी ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं की आधीच्यात माझी चूक होती. या वेळी फुलं आली नाहीत.

मावशींना दोन दिवस सहापर्यंत थांबाल का म्हणून विचारलं. त्या नाही म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याही घरी वाट पाहणारी माणसं आहेत. बाबा म्हणाले, "राह्यतो न मी. तासभर तं गोष्ट हाये." मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की मी येईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही.

पहिल्या मंगळवारी मी शेवटचा तास घड्याळाकडे बघत घेतला. एका मुलीने दोनदा शंका विचारली आणि दोन्ही वेळा मी भलतंच उत्तर दिलं. स्टँडवर जीप उभी होती, पण ती भरल्याशिवाय निघत नाही. आम्ही सहाच जण होतो. ड्रायव्हर बाहेर उभा राहून चिखली चिखली करत होता. मी मागच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसले. उतरून चालत निघावं असं वाटत होतं, पण पस्तीस किलोमीटर कोण चालणार.

घरी पोचले तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. बाबा खुर्चीत बसले होते, मावशींनी बसवून दिलं असेल तसेच. समोरच्या स्टुलावर पाणी जसंच्या तसं होतं. त्यांचा लेंगा ओला झाला होता. उठायचं नाही, असं मीच म्हटलं होतं. मी पाणी तापवलं. कपडे बदलताना ते म्हणाले, "गाडी भरली नसंन." तीस वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही.

गुरुवारी त्यांनी मावशींना सांगून खुर्ची दारात आणवली. समोर एका चाचांचं शिलाईचं दुकान आहे. ते काम करता करता बाबांना आवाज देत, बाबा डावा हात वर करत. गरज लागली तर येऊन धरतो, असं चाचांनी स्वतःहून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. पुढचे दोन-तीन आठवडे बरे गेले. मी जीपमध्ये बसल्यावर निदान श्वास तरी नीट घेऊ लागले.

मग एका गुरुवारी रस्त्यात जीपचा टायर बसला. मी पोचले तेव्हा सात वाजत आले होते. दुकानाचं शटर खाली होतं. मी धावत सुटले. जवळ गेले तर चाचा आमच्याच पायरीवर बसले होते. बाबांशी बोलणं कधीच संपलं असावं.

"आज लई टाइम झाला बेटा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले. मी विचारलं, दुकान कधी बंद करता? ते म्हणाले, सहालाच करतो नेहमी, मंगळवारी-गुरुवारी तेवढं तू येईपर्यंत उघडं ठेवतो. मग टोपी नीट करून ते लगबगीने गल्लीच्या टोकाच्या मशिदीकडे चालू लागले, आणि मी बाबांची खुर्ची आत ओढून घेतली.