सेपाचा हात

आमच्या फिलिपिन्समध्ये, काव्हितेच्या धक्क्यावर सेपा, सगळ्यांची ‘आलिंग’ म्हणजे मावशी, पेजेची हंडी घेऊन बसायची आणि शेजारी मी, तळलेली मासळी घेऊन. बोट कुठलीही लागो, खलाशी आधी तिच्याकडे वळायचे. माझा जळफळाट व्हायचा, पण पेज मीही तिचीच प्यायचे.

मग ‘दातू सिलोंगान’ आली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला अमेरिकेत बांधलेली बोट, म्हातारपणी आमच्या नौदलाच्या पदरात पडलेली. सेपाचा देल्फिन तिच्यावर आचारी झाला. सेपा सगळ्यांना सांगत सुटली.

एकदा निघण्याआधी देल्फिन हसत म्हणाला, "आई, मधली बरीच वर्षं ही जपानकडे होती. आमच्या कपाटांवर अजून जपानी अक्षरं आहेत, रंगाखालून दिसतात."

"म्हणजे दोन घरं करून आलीय बया!" मी म्हणाले.

सेपा हसली नाही. युद्धात तिच्या नवऱ्याला जपानी शिपाई घरातून घेऊन गेले होते, तो परत आलाच नाही.

आमच्याकडे थोरांचा हात कपाळाला लावल्याशिवाय कुणी समुद्रावर जात नाही. देल्फिन वाकला. तिने दोन्ही हात मागे घेतले.

"त्या बोटीवर जायचं तर जा. माझा हात मिळायचा नाही."

"अगं, पोटचा पोर आहे!" मी ओरडले.

"तू तुझे मासे बघ."

पोर तसाच गेला, आणि मागोमाग वादळ आलं. बेटावरची माणसं काढायला त्याच बोटीला पाठवलं म्हणे. सेपा रोज पेज करपवू लागली. मला टोमणा मारायचं धाडस झालं नाही.

बोट परतली ती भिजलेल्या, उपाशी माणसांनी भरून. वरून देल्फिन ओरडला, "आई, हंडी आण! पोरं रडतायत!"

हंडीचा एक कान तिने धरला, एक मी, आणि आम्ही शिडी चढलो. हंडी बघता बघता रिकामी झाली. आणखी शिजवायला सेपा बोटीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि कपाटापुढे थबकली.

"काय लिहिलंय हे?"

बोट आणायला जपानला गेलेला इंजिनवाला दारात होता. "तांदूळ," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच, आलिंग."

तिने दार उघडलं. आत तांदूळच होते. ती चुलीवर आधण ठेवून तांदूळ धुवायला बसली. धुता धुता तिने ओला हात देल्फिनपुढे धरला.

"घे. जाताना राहिला होता."

त्याने तो कपाळाला लावला आणि सोडेचना.

"सोड रे आता," सेपा म्हणाली, "आधणाला उकळी आलीय."