वीजकन्येचं पिंजण

आर्वीत गफूर पिंजाऱ्याला न ओळखणारं घर सापडणं कठीण. हिवाळा लागला की खांद्यावर पिंजण टाकून तो दारोदार जायचा आणि लोकांच्या अंगणात बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा. दांडक्यानं पिंजणाची ताणलेली तात छेडली की ‘धुंग तुक, धुंग तुक’ असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

त्याची लेक तस्लीम आठवीत होती. नव्व्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात टीव्हीवरच्या उडणाऱ्या वीरांनी पोरांना पार वेडं केलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपण वीजकन्या व्हायचं, असं तस्लीमनं ठरवलं. ही वीजकन्या तिची तिनंच घडवलेली! पण वर्गातला धीरज खो खो हसला.

“तस्लीम नावाची कोणी आभाळात उडून राह्यली, असं पाह्यलं काय तू कधी टीव्हीत?”

नव्हतं पाहिलं. पोरीला ते फार लागलं. तिनं वर्गाच्या सुमतीबाईंना गळ घातली, “बाई, माह्यं नाव नका पुकारू. फक्त वीजकन्या म्हणजा.” नाव झाकलं, मुखवट्यानं तोंड झाकलं, पाठीवर गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड सोडलं. आता विजेचा कडकडाट कुठून आणायचा? तर घरातलं पिंजण! वा गं शहाणे! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?

स्टेजवर उडी घेऊन तिनं तात छेडली. धुंग तुक! अख्खा मंडप ताठ बसला. मागून गल्लीतल्या कमलाबाईंचा खणखणीत आवाज आला, “अवो माय, हे तं आपल्या गफूरभाईची पोरगी!”

एकच हशा पिकला. तस्लीमनं दांडकं खाली घेतलं. मंडपाच्या दाराशी गफूर उभा होता, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन. लेकीचं सोंग आपल्यामुळं उघडं पडलं, असं त्या भल्या माणसाला वाटलं. मान खाली घालून तो गुपचूप बाहेर निघाला.

ते पाहून तस्लीमच्या काळजात चर्र झालं. लाज वाटली ती स्वतःचीच. तिनं मुखवटा ओढून फेकला.

“अब्बा, रुको!” माइकची गरजच पडली नाही. “वीजकन्या मीच आहो! तस्लीम गफूर मन्सूरी! आणि हे पिंजण माह्या अब्बाचं होय!”

मग तिनं ती तात अशी काही झणाणवली म्हणता! पोरांनी मंडप डोक्यावर घेतला. धीरज तर खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होता. गफूर दारातच थांबला आणि रुमालानं डोळे टिपू लागला.

पुढं तस्लीम शिक्षिका झाली. पण गल्लीला आठवते ती गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. गफूरनं कुणाच्या तरी अंगणात तात छेडली, तशी घराघरांतून पोरं धावत सुटली, “वीजकन्या आली! वीजकन्या आली!” येऊन पाहतात तर गफूर.

त्यानं दांडकं खाली ठेवलं आणि पोरांकडं पाहून ऐटीत म्हणाला, “ते शाळेत गेली बाप्पा. मी तिचा अब्बा.”