लंगोट बदलणारा संशयित

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी घाईघाईनं दुसऱ्याच एखाद्या तपासाचा विषय काढतो. नातेवाईक जमले की दरोड्याची केस रंगवून सांगतो. ही मात्र कधी सांगितली नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा गावोगाव फिरत होती. एका सकाळी दहाच्या सुमारास एका कंडक्टरनं स्टँडवरून खबर दिली. एकटा माणूस, जवळ तान्हं मूल, सोबत बाई नाही. वडापच्या खाजगी जीपमधून उतरून एसटीत बसला, मधेच वारूळवाडीला उतरला आणि टोमॅटोच्या टेम्पोत चढला.

"माग चुकवतोय," मी हवालदाराला म्हणालो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जीप काढली.

टेम्पो अडवला, इसमाला ठाण्यात आणलं. नाणेघाटाकडच्या वाडीतला, तिशीचा. मूल दीडेक महिन्याचं.

"आई कुठंय याची?"

"मंचरला दवाखान्यात, सायेब. आपरेशन झालंय. सासू हाय तिच्यापाशी. पोराला वरचं दूध पचंना. काल डाक्टर म्हनले, आता पाजंल ती, पोर आना."

"मग एसटी का सोडली?"

"रडाय लागलं. लोकं कावली. म्हनून उतारलो."

"नाव काय मुलाचं?"

"न्हाई ठेवलं अजून. बारसं ऱ्हायलंय."

बापाला पोराचं नाव सांगता येत नाही! मी हवालदाराकडं अर्थपूर्ण पाहिलं. तेवढ्यात मूल भिजलं. त्या माणसानं खांद्यावरचं धडपं बाकावर अंथरलं, एका हातानं दोन्ही पाय उचलले, पुसलं, कोरडा लंगोट बांधला. मिनिटभराचं काम. मला तीन मुलं, पण मी जन्मात लंगोट बांधला नव्हता. बापाला हे येतच नाही, असं माझं ठाम मत. म्हणजे हा सराईत. अशी कित्येक पोरं याच्या हाताखालून गेली असणार! या निष्कर्षानंतर मी तेच प्रश्न उलटसुलट आणखी दोन तास विचारले. उत्तरं बदलली नाहीत. मूल आधी रडत होतं, मग नुसतंच कण्हायला लागलं.

"सायेब, भुकेजलंय वो," एवढंच तो अधूनमधून म्हणायचा.

ठाण्यात महिला पोलीस नव्हती. मूल ताब्यात घ्यायला म्हणून मागच्या पोलीस लाइनीतून आमच्या सौभाग्यवतींना बोलावलं. त्यांनी मूल घेतलं, तर ते किंचाळलं. परत त्याच्याकडं दिलं, तर त्याच्या मानेत तोंड खुपसून गप्प.

"अहो, चोराच्या अंगावर पोर असं विसावतं का?" हवालदारासमोरच त्या म्हणाल्या. "आपली तिन्ही तुमच्या हातात ताठ व्हायची, जणू पंचनामाच चाललाय. दवाखान्यात फोन केलात का?"

केला नव्हता. फोन माझ्या कोपराशी होता.

पलीकडून नर्स म्हणाली, "बाई सकाळपासनं दाराकडं डोळे लावून बसलीय. कुठं अडकलंय बाळ?"

स्टेशन डायरीत मी 'चौकशीअंती सोडून दिले' असं लिहिलं आणि त्या बापलेकांना जीपमध्ये घालून स्वतः निघालो. जीप सुरू होताच मूल पुन्हा रडायला लागलं.

"पडदा वर घेता का, सायेब? डिझेलचा वास सोसत न्हाई त्याला." तो भीत भीत म्हणाला.

मी पडदा वर गुंडाळला. वारं लागलं तसं मूल शांत झालं. गाड्या बदलण्यामागचं सगळं गूढ ते एवढंच.

मंचरला खाटेवरच्या बाईनं आधी माझा गणवेश पाहिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग मूल पाहिलं, छातीशी घेतलं. ते ओढायला लागलं तेव्हा कुठं ती नवऱ्याला म्हणाली, "किती उशीर वो? जीव टांगणीला लागला व्हता माजा."

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "गाडीच मिळंना. या सायबांनी आनून सोडलं."

तिनं मोकळा हात कपाळाला लावून मला नमस्कार केला. आणि मी, फौजदार, तो नमस्कार घेतला. वर "काळजी घ्या" असंही म्हणालो.

संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे, त्याची लाज नाही. पण तो माणूस खरं बोलतोय का हे पाहायला एक फोन पुरला असता, आणि मी फक्त तो खोटा ठरायची वाट पाहत बसलो. पुढच्या नोकरीत कुणालाही बसवून ठेवण्याआधी मी फोन करत गेलो. त्या खाटेपाशी खरं काय ते सांगायला मात्र दोन वाक्यं लागली असती. ती मी बोललो नाही, आणि त्यानं माझ्यासाठी खोटं बोलून ती वेळच येऊ दिली नाही.