डबीवर न लिहिलेलं औषध

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नरडाण्याजवळच्या खेड्यात दिलेली. ऐन चाळिशीत तिचे गुडघे गेले. कुणीतरी धुळ्यातल्या एका दुकानातलं चूर्ण सुचवलं. डबीवर हिरवं पान आणि खाली ठसठशीत अक्षरं: शुद्ध झाडपाला, अपाय नाही. थोड्याच दिवसांत अक्का घरभर पळायला लागली. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जळगावला आली ती थेट झोक्यावरच चढली.

"मना गुडघा आते कुरकुर करत नही," असं साऱ्या गल्लीला सांगत सुटली. तोंडही गोल गरगरीत झालं होतं. दाजी तुला तूप चारतात की काय, असं आम्ही चिडवायचो आणि ती लाजायची. ती सूज होती हे आमच्या एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. वाळकं माणूस भरलं की आमच्याकडे तब्येत सुधारली म्हणतात.

पुढं औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी त्या दुकानावर छापा घातला. माल जप्त केला, नमुने तपासायला नेले, शटरला सील ठोकलं. गावात एवढंच पोचलं की दुकान बंद आहे. दाजी धुळ्याला हेलपाटे घालून रिकाम्या हातानं परतले. डबी संपली. आणि काही दिवसांतच अक्काला उलट्या सुरू झाल्या, उठवेना की बोलवेना.

मी जळगावहून निघाले तेव्हा दाजी तिला घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात पोचले होते. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालू होतं का?

"काहीच नही साहेब. एक बी गोळी नही."

हे मला नंतर दाजींनीच सांगितलं. ते खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे औषध म्हणजे गोळी नाहीतर इंजेक्शन; झाडपाला हा घरचाच. डबीही तेच सांगत होती. सलाईन चढत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी अक्का गेली.

तपासणीचा अहवाल पेपरात आला: चूर्णात स्टिरॉइड मिसळलेलं. ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, हे एकदम तोडायचं नसतं, बेतानं कमी करतात. ती हे चूर्ण घेत होती असं दवाखान्यात वेळेवर कळलं असतं तर कदाचित वाचली असती.

कारवाई बरोबरच होती, उलट फार उशिरा झाली. त्या दुकानदाराचा तर संताप येतो. आणि सील ठोकताना गिऱ्हाइकांना कुणी चार शब्द सांगितले नाहीत, याचाही.

दाजी पेपर वाचत नाहीत. या आखाजीला मीच त्यांच्याकडे गेले. रिकामी डबी त्यांनी देवाजवळ ठेवली आहे.

"सरकारनी दुकान बंद कयं," ते म्हणाले. "डबी भेटती ते ती आज जित्ती ऱ्हाती."

त्यांना खोडायचं तर दवाखान्यातलं त्यांचं उत्तर मला उकरून काढावं लागेल. मी मान हलवली आणि सरकारला शिव्या खाऊ दिल्या.