पाठकोऱ्या कागदावरची श्रुतिका

आधी चहा संपवा बरं. मी केलेला गाढवपणा ऐकताना हातात गरम कप असणं धोक्याचं आहे.

मी जळगावात एका सरकारी कचेरीत जावक कारकून होतो. म्हणजे बाहेर जाणारं पत्र रजिस्टरात चढवायचं, पाकिटात घालायचं, पत्ता लिहायचा, पोस्टात धाडायचं. बारा वर्षांत सरकारचा एक कागद माझ्या हातून चुकीचा गेला नाही. गेला तो एकदाच. आणि तोही सरकारचा नव्हता, माझा स्वतःचा होता!

तर मला विनोदी लिहायचं वेड होतं. टीव्ही तेव्हा गल्लीत एखाद्याकडे, रेडिओ मात्र घरोघर. त्यावर दर शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटांची विनोदी श्रुतिका लागायची. माझी एक तरी लागावी, एवढीच इच्छा. नोकरी सांभाळून लिहायचो. जेवणाच्या सुट्टीत लिहायचो, घराजवळ नशिराबादच्या स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत लिहायचो, हेडक्लार्कची पाठ वळली की टेबलाखाली लिहायचो. तीन वर्षांत एकवीस श्रुतिका पाठवल्या आणि एकवीस परत आल्या. पत्ता कचेरीचा दिलेला, त्यामुळे सगळ्या स्टाफला आकडा तोंडपाठ!

हेही मी सहन केलं असतं हो. पण शेजारच्या टेबलावर भंगाळे होता ना!

भंगाळे आमचा टायपिस्ट. यावलकडचा, बोलायला मवाळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी लिहितो हे बघून त्यानं एकदा सहज एक श्रुतिका पाठवली. ती लागली. दुसरी पाठवली, तीही लागली. तिसरी तर लोकांनी पत्रं लिहिली म्हणून पुन्हा लावली! आणि वर हा गृहस्थ मला म्हणतो,

"सोनवणे, तुमच्याइतकी मेहनत आपल्याच्यानं नाही बुवा होत. मी आपलं सुचतं तसं टाइप करून टाकतो."

सुचतं तसं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू, मी जळायचो. त्याचं मशीन कडकडायला लागलं की माझं पोट दुखायचं. त्याची रिबीन तुटली की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

आणि घरी काय? घरी कुसुम. माझी बायको, माहेर धुळ्याकडचं. भंगाळेची श्रुतिका लागली की ही बाई पदर तोंडात कोंबून हसायची. मग मी माझी वाचून दाखवायचो. ती तांदूळ निवडत ऐकायची.

"डॉक्टर म्हणतात, जीभ दाखवा. पेशंट म्हणतो, आधी तुमची दाखवा!" मी जोरात वाचायचो आणि थांबायचो.

"मंग? पुढे काय व्हयनं?"

"पुढे काही नाही. हा विनोद होता."

"आस्सं व्हय," म्हणून ती पुढचा खडा शोधायची. एकदा तर स्पष्टच म्हणाली, "तो भंगाळेभाऊ कसा हसाडस! तुमनं आयकीसन माले झोप येस."

बायको आपल्याच लिखाणावर हसत नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या लिखाणावर लोळते, हे दुःख कुणाला सांगायचं? रेडिओ गेला खड्ड्यात, मला कुसुमला एकदा हसवायचं होतं. भंगाळेपेक्षा जास्त.

आता मधे एक खुलासा. म्हणजे खरोखरचा खुलासा. मस्टरवर तिसऱ्यांदा उशीर झाला की साहेब मेमो द्यायचे आणि लेखी खुलासा मागायचे. तो खुलासा साऱ्या कचेरीला भंगाळेच लिहून द्यायचा. कारण कधी विचारायचा नाही. म्हणायचा, खरं कारण कळलं की लिहायला अडचण होते. एकदा माझ्यावर मेमो आला. खरं कारण असं, की स्टँडवर विनोद जुळवता जुळवता माझ्या डोळ्यांदेखत तीन गाड्या निघून गेल्या होत्या. ते कसं सांगणार? नाक मुठीत धरून भंगाळेकडे गेलो. त्यानं दहा मिनिटांत चार पानं टाइप केली. बसमध्ये वांग्यांचं पोतं फुटलं, असं काहीतरी. मी धड वाचलंही नाही. त्याचं लिखाण मी कशाला वाचू? सही ठोकली, एक प्रत साहेबांकडे गेली, कार्बनची प्रत माझ्याकडे राहिली.

आमच्याकडे कागद वाया घालवायची पद्धत नव्हती. एका बाजूला टाइप झालेले जुने कागद पाठकोरे म्हणून ठेवायचे आणि मागच्या बाजूला कच्चा खर्डा लिहायचा. पक्की प्रत निघाली, की खर्ड्यावर लाल शाईनं तिरकी रेघ मारायची. म्हणजे ती बाजू रद्द. माझ्या बाविसाव्या, त्या डॉक्टर-पेशंटच्या श्रुतिकेचा खर्डा मी त्या खुलाशाच्याच पाठीवर लिहिला, फुलस्केपवर पक्की प्रत काढली, खर्ड्यावर शिस्तीत रेघा मारल्या. पाकिटावर पत्ता घालतोय, तेवढ्यात भंगाळे आला.

"काय सोनवणे, नवीन काही?"

मी दोन्ही गठ्ठे झटकन फायलीखाली सारले. एक ओळ दिसली तर हा चोरेल! भंगाळे माझ्या ओळी चोरणार, बघा, दुखणं केवढं वाढलं होतं! तो गेल्यावर हाताला लागला तो गठ्ठा ओढला, पाकिटात कोंबला, डिंक लावला आणि पोस्टात टाकून आलो.

आणि काय सांगू, तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं! 'आपली विनोदी श्रुतिका स्वीकारली आहे. येत्या शुक्रवारी सायंकाळी प्रसारित होईल.'

मी ते कार्ड कचेरीतल्या प्रत्येकाला दाखवलं. शिपायाला दोनदा दाखवलं. सासूबाईंना धुळ्याकडून बोलावून घेतलं, तर त्या आल्या आल्या साऱ्या गल्लीला गोळा करत ओरडतच सुटल्या, "बठ्ठासले बलावा! मन्हा जवाई रेडिओवर येई राहिना!"

शुक्रवारी नशिराबादला घरी भरीत-पुरीचा बेत केला. सगळा स्टाफ आला. भंगाळेला मी मुद्दाम हाताला धरून ट्रान्झिस्टरसमोर बसवलं. का? त्याचं तोंड पडलेलं मला अगदी जवळून बघायचं होतं.

निवेदिका म्हणाली, "लेखक, बापू सोनवणे." टाळ्या! मी हात जोडले. आणि रेडिओतून एक जाड आवाज आला:

"सविनय खुलासा सादर की, सदर कारकून घरून वेळेवर निघाला. यास त्याची सासू साक्षीदार असून, सदर सासू जावयाच्या बाजूने सहसा बोलत नाही, हे ध्यानात घ्यावे."

माझे जोडलेले हात तसेच राहिले. अहो, डॉक्टर कुठे गेला? जीभ कुठे गेली? आणि एकदम लख्ख प्रकाश पडला. पक्की प्रत कचेरीत त्या फायलीखालीच पडून होती, खर्डा समजून मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं! पाकिटात खर्डा गेला होता. एका बाजूला लाल रेघा मारून रद्द केलेली माझी श्रुतिका आणि दुसऱ्या बाजूला सुबक टाइप केलेला भंगाळेचा खुलासा. रेडिओवाल्यांनी रद्द बाजू रद्द मानली आणि चांगली बाजू घेतली. त्यांचं काय चुकलं?

"सासूने दिलेले भरताच्या वांग्यांचे पोते बसमध्ये फुटले. वाहकाने वांगी मोजूनच गाडी सोडण्याचा निर्णय घेतला. चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस भरली. झडती घेण्याचे ठरले असता सर्व प्रवासी शाकाहारी निघाले, त्यामुळे संशय सर्वांवर सारखाच आला."

हशा पिकला! हेडक्लार्कच्या नाकातून ताक आलं. सासूबाईंना तेवढी वांगी दिल्याचं आठवेना, त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी कवय वांगा दिन्हात तुमले?"

आणि कुसुम? कुसुम भिंतीला टेकली, मग खाली बसली, मग डोळे पुसत म्हणाली, "अवं माय! हाई तर भंगाळेभाऊपेक्षाबी भारी शे! इतलं भारी लिखतस नि माले काबर नही दखाडं?"

ज्या हसण्यासाठी तीन वर्षं तळमळलो, ते समोर होतं. आणि ते भंगाळेचंच होतं! आता तो उठणार, म्हणणार हे माझं आहे, आणि सगळ्यांसमोर माझी शोभा होणार. मी चोरून त्याच्याकडे बघितलं. खरोखर तोंड पडलं होतं बिचाऱ्याचं. तो उठला, माझा हात हातात घेतला.

"सोनवणे, मनातलं सांगतो. आज मला तुमचा हेवा वाटला. असं काही मला जन्मात जमायचं नाही."

त्याला ओळखूच आलं नव्हतं! शेकड्यानं खुलासे लिहिलेले, त्यात हा कुठला लक्षात राहणार? तुम्हीच सांगा, अशा वेळी सज्जन माणसानं काय करावं? खरं सांगून टाकावं. मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो,

"सराव लागतो, भंगाळे."

सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"शुक्रवारी ऐकली हं तुमची श्रुतिका. छान होती. शेवटी ती बाई म्हणाली, यातले प्रसंग काल्पनिक आहेत."

"हो साहेब, तसं म्हणतातच," मी लाजून म्हणालो.

साहेबांनी फाईल उघडून माझ्यासमोर सरकवली. चार पानं, खाली माझी सही. "वांगी खरी असतील तर तुम्ही रेडिओला फसवलंत. खोटी असतील तर मला. काय ते ठरवा आणि पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा द्या."

मी धावत कुणाकडे गेलो असेन? खुलासा लिहून देणारा कचेरीत माणूस एकच!

"मी लिहू?" भंगाळे दोन पावलं मागे सरकला. "छे छे! तुमच्यासारख्याच्या लिखाणात मी हात घालायचा? लोक हसतील मला. तुम्हीच लिहा. मला फक्त शेजारी बसू द्या, शिकायला मिळेल."

आणि स्टूल ओढून बसला हो खरंच! मी लिहितोय आणि हा श्रद्धेनं माझ्या पेनाकडे बघतोय. खरं लिहावं तर शेजारी हा बसलेला. खोटं लिहावं तर मला सुचेना. शेवटी काहीतरी चार पानं खरडली, दोनचार विनोद घातले, साहेबांकडे पाठवली. साडेपाचला परत आली. त्यावरचा शेरा कुणाला दिसू नये म्हणून मी ती पिशवीत घालून घरी आणली.

बायको असलेल्या घरात पिशवीत काही लपतं का? चहा टाकेपर्यंत पानं कुसुमच्या हातात होती. रेडिओच्या लेखकाचं नवं लिखाण म्हणून ती कौतुकानं वाचायला बसली. पहिलं पान वाचून खाली ठेवलं. दुसरंही ठेवलं. तिसऱ्याला जांभई दिली. मग चौथ्या पानाच्या तळाशी साहेबांचा लाल शेरा आला: 'वाचला. समाधानकारक नाही. नेहमीप्रमाणे श्री. भंगाळे यांजकडून लिहून घेऊन फेरसादर करावा.'

कुसुमनं तो दोनदा वाचला. माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि जी हसत सुटली, ती वांग्यांनाही हसली नव्हती इतकी. हसता हसता जमिनीवर आडवी झाली.

त्या दिवसापासून मी साहेबांवरही जळतो.